शुक्रवारी तलावातली माय

आम्ही गाव सोडलं त्या सकाळी माझा बाप आमच्या शेवटच्या बांधीपर्यंत, म्हणजे धानाच्या खाचरापर्यंत, आला आणि तिथंच थांबला. "इथून पुढं माझं काय काम?" म्हणाला, आणि वाकून कडेच्या धुऱ्यावरचं गवत उपटायला लागला. बैलगाडी पुढं निघाली तरी त्यानं मान वर केली नाही. पोरगा बायकोला घेऊन कायमचा निघालाय आणि बाप गवत उपटतोय, हे पाहून गाडीवाल्यालाच भरून आलं. तो सारखा मागं वळून पाहायचा आणि बैल रस्ता सोडायचे.

माय मात्र गाडीत चढून बसली होती. आरमोरी आली तरी उतरेना. शेवटी वैनगंगेच्या काठावर उतरली, कारण त्यापुढं गाडीच जात नव्हती. पलीकडं ब्रह्मपुरी, तिथून छोटी रेल्वे, नागभीडला गाडी बदलायची की नागपूर. आमची ट्रंक, गादी आणि तांदळाचं पोतं डोंग्यात चढलं. पार्वती, म्हणजे माझी बायको, पोत्यावर बसली. माय काठावरून म्हणाली, "मागं वळून पाहू नको बाबू. डोंग्यात मागं पाह्यलं का मानूस पान्यात पडते."

आता मी पडलो दंडारीतला सोंगाड्या. आपल्या झाडीपट्टीतल्या माणसांना दंडार काय ते सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो: ढोलकीवर नाच, गाणी, मधूनमधून सोंगं, आणि सोंगाड्याचं काम एवढंच की लोकांना झोपू द्यायचं नाही. अशा माणसाला मागं पाहू नको म्हटल्यावर तो काय करणार? मी डोंग्यात उभा राहिलो, पुरता मागं वळलो आणि राजाच्या आवाजात ओरडलो, "प्रजाजनहो, आम्ही देशांतराला निघालो!" डोंगा डुलला, पार्वती किंचाळली, नावाड्यानं माझ्या सगळ्या पिढ्या काढल्या. माय पदर तोंडाला लावून हसली. त्या हसण्याचं रडणं कधी झालं ते मला दिसलं नाही. तोवर डोंगा धारेला लागला होता.

हे कोणत्या साली झालं असं कुणी विचारलं की मी अडखळतो. मालगुजारी नुकतीच गेली होती आणि गावचा तलाव सरकारी झाला होता, एवढं नक्की. शेत दोघा भावांना पुरणारं नव्हतं आणि धाकट्या मारोतीचं लग्न होऊन गेलं होतं. एकानं निघायचं होतं. मारोतीला जाळं फेकता येत होतं, मला तोंड चालवता येत होतं. शहरात तोंड चालतं, जाळं चालत नाही, म्हणून मी निघालो. साल सांगता येत नाही. पण काठावर माय कुठं उभी होती, तिच्या पायाशी कोणता दगड होता, बैल कोणत्या झाडाला बांधले होते, ते मी आज डोळे मिटून दाखवीन.

हा आमच्या घराण्याचाच गुण. बा तर साल नावाची वस्तू मानतच नसे. आमच्या धानाच्या बांध्या तलावाच्या पाळीखाली एकापाठी एक उतरत गेलेल्या, आणि प्रत्येकीला नाव. आंब्याची बांधी, लंबी, वाघबांधी, रांडबांधी. शेवटच्या नावाला हसू नका, ती एका विधवा बाईकडून आमच्याकडं आली होती आणि तिचं नाव तेवढं राहिलं. सकाळी बा पाणी पाहायला धुऱ्याधुऱ्यानं निघायचा आणि पोरपणी मी मागं मागं. आंब्याच्या बांधीत पाय पडला की बोलायला लागायचा, "इथी तुह्या आजाले साप चावला." लंबीत आला की, "इथी तुह्या मायले रोवन्यात, भर पावसात धान लावता लावता, कळा लागल्या, मारोत्या इथचा." वाघबांधीचं तर सांगायलाच नको. तो वाघ दरवर्षी थोडा थोडा मोठा होत गेला.

"बा, हे कोनत्या साली झालं?" मी शाळेत जायला लागल्यावर एकदा शहाणपणा केला.

"साल कायले पायजे? जागा सांग, काय झालं थे मी सांगतो."

मला तेव्हा वाटायचं, काय हा अडाणीपणा. मग मी नागपूरला आलो आणि एका टॉकीजवर डोअरकीपर झालो. हातात टॉर्च, खिशात फाडलेल्या तिकिटांचे तुकडे, अंगात मॅनेजरनं दिलेला कोट, जो आधीच्या डोअरकीपरचा होता आणि तो माझ्यापेक्षा बराच जाड असावा. सोंगाड्याची नाटकाच्या जवळची नोकरी म्हणायची! पण डोअरकीपरला सिनेमा कधी सरळ बघायला मिळत नाही. इंटरव्हलनंतरचा तुकडा आधी, शेवटचा नंतर, सुरुवात कधीतरी आठवड्यानं. हिरॉईन मरते ते मी सोमवारी बघितलं, तिचं लग्न गुरुवारी, आणि ती लहान असतानाचं गाणं रविवारी मॅटिनीला. पार्वतीला गोष्ट सांगायला बसलो की ती म्हणायची, "तुमचा शिनेमा उलटा चालते जी. मेलेली बाई न्हाऊनधुऊन लगनाले उभी राह्यते."

आणि शहर तरी कुठं स्थिर होतं? आम्ही मोठ्या हौसेनं राजधानीत येऊन राहिलो, तर काही वर्षांत राजधानीच उठून भोपाळला गेली. साहेब गेले, त्यांच्यामागं क्लार्क गेले, त्यांच्या बायकांची मॅटिनी गेली. आम्ही होतो तिथंच, पण एका सकाळी आपण मुंबई राज्यात आहोत असं कळलं. न हलता स्थलांतर झालेला माणूस मी पहिल्यांदा आरशात पाहिला.

असो. हसवणं पुरे. ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो. तुमच्यापैकी अर्धे गावी आहात, अर्धे माझ्यासारखे इथं पेठांमधल्या खोल्यांत, आणि दोन्हीकडचे मला विचारता की म्हाताऱ्या बापाला इथं एवढं चांगलं ठेवलं होतं, परत गावी का नेलं?

त्या वर्षी दिवाळी झाल्यावर मायचं पोट फुगायला लागलं. मारोतीनं तिला डोंग्यातून, रेल्वेतून नागपूरला आणली, बा बरोबर, आणि तो धानाकडं परत गेला. आमच्या एका खोलीत चौघं झालो. मायला मोठ्या दवाखान्यात भरती केलं. लोखंडी खाट, लाल घोंगडी, डोक्याशी उंच खिडकी आणि खिडकीतून दिसणारी दुसऱ्या वॉर्डाची खिडकी. बा रोज यायचा, पण आत बसवत नसे त्याला. फिनाईलच्या वासानं घाबरायचा. व्हरांड्यात उकिडवा बसून राहायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्या नर्सला हात जोडायचा.

ती गेली तेव्हा दुपार होती आणि खाटेशी मी एकटा होतो. बाला पार्वती घरी जेवायला घेऊन गेली होती. मायला कळलं असावं. नवऱ्याचं नाव तिनं जन्मात घेतलं नव्हतं, तेव्हाही घेतलं नाही. माझ्या कोटाची बाही धरून म्हणाली, "त्यायले सांगजो, मी रुसून नाई गेली."

याचा अर्थ घरातल्यांनाच कळणार. लग्नाच्या सुरुवातीच्या दिवसांत बानं एकदा तिनं केलेलं मासोळीचं कालवण चारचौघांसमोर कुत्र्यापुढं ओतलं होतं. म्हणे खारट झालं. मायनं भांडी घासली आणि ती चालत माहेरी गेली, कुरखेड्याकडं, जंगलातून, एकटी. बा तिला आणायला गेला तर ती बाहेर येईना. तो तिच्या बापाच्या अंगणात बसून राहिला, आणि शेवटी तिनं कालवण केलं, मुद्दाम खारट, आणि त्यानं ते सगळं खाल्लं. मगच ती निघाली. ही गोष्ट बा दरवेळी सांगायचा आणि दरवेळी माय म्हणायची, "खारट नोहतं पहिलं. दुसरं व्हतं."

तर तिचं सगळं आम्ही नागपूरलाच केलं. गावी न्यायची सोय कुठली? इथलाच घाट, इथलाच न्हावी, आणि दहाव्यानंतर इथूनच जीव आणणं. आमच्यात रीत आहे: गेलेल्या माणसाचा जीव पाण्यात असतो. पाण्याशी जाऊन त्याला नावानं हाक मारायची, लोटा बुडवायचा, आणि लोट्यात जे पहिलं जिवंत येईल, मासोळी, झिंगा, काहीही, तो त्याचा जीव. त्याला झाकून घरी आणायचं, एक रात्र देवापाशी ठेवायचं, सकाळी परत पाण्यात सोडायचं. मग ते माणूस घरचं होतं. मी नागपुरातल्या शुक्रवारी नावाच्या तलावाच्या पायऱ्यांवर उभा राहून खड्या आवाजात हाक मारली, "माय, चल घरी!" काठावरचे लोक जमले, त्यांना वाटलं, कुणी बुडालं. लोट्यात एक काळी बारकी गोगलगाय आली. बा पायरीवर बसून पाण्याकडं पाहत होता. एकदाच बोलला, "हे पानी कोनाचं हाये गा?"

मारोती दहाव्यापुरता येऊन कापणीला परत गेला होता, म्हणून बाला आम्ही ठेवून घेतलं. आणि एका संध्याकाळी, पार्वती दिवा लावत असताना, त्यानं विचारलं, "तुळश्या, तुही माय कुठी गेली?"

मला वाटलं, दुःखानं बोलतोय. मी जवळ बसून सांगितलं, बा, माय गेली. आपण तिला घाटावर नेलं. तो माझ्याकडं पाहत राहिला आणि मग असा रडला की जसं आत्ताच कळलं. दुसऱ्या संध्याकाळी दिवा लागला, पुन्हा तेच. "तुही माय कुठी गेली?" पुन्हा सांगितलं, पुन्हा तो पहिल्यासारखाच कोसळला. रोज नवं मरण. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, वयाचं आहे, जुनं राहतं, नवं टिकत नाही. मी तिचा निरोपही सांगायचो: बा, थे म्हणाली का मी रुसून नाही गेली. तो मान हलवायचा, डोळे पुसायचा, शांत व्हायचा. सकाळी सगळं धुतलेलं.

एकदा पार्वती मला बाहेर घेऊन गेली आणि म्हणाली, "एकाच मानसाले कितीदा मारता जी?"

मग मी सोंगं काढली. आयुष्यात दुसरं येतं काय मला? "माय रोवन्याले गेली बा." "माय आरमोरीच्या बाजारात गेली, झिंगे इकाले." "माय शेजारी गेली, त्या बाईचं बाळंतपण अडलं." आवाज बदलून, हातवारे करून, त्या बाईच्या नवऱ्याची नक्कल करून. पहिले काही दिवस मला मजा आली, खोटं कशाला बोलू. म्हातारा हसायचाही. पण दंडार रोज करता येत नाही. टॉकीजवरून पाय ओढत यायचो आणि चौकाच्या कोपऱ्यावर उभा राहून विचार करायचो, आज मायला कुठं पाठवू. आणि बा काही मूर्ख नव्हता.

"रोवना? थंडीत कायचा रोवना?" एके दिवशी म्हणाला. "खोटं बोलून राह्यला तू. थे रुसली. मी काई बोललो काय तिले?"

"नाई बा."

"मंग तू बोलला. नाईतर तुह्या बायकोनं बोललं." पार्वतीकडं पाहून त्यानं ताट सरकवून दिलं. "थे येत नाई तंवर मी जेवत नाई. आनाले जातो मी."

आणि खरंच निघाला. आम्ही शोधून शोधून दमलो. सापडला इतवारी स्टेशनच्या पुढं, रुळांच्या कडेनं चालत. पायात काही नव्हतं. मी विचारलं, बा, कुठं निघाला? म्हणाला, "कुरखेड्याले. तिचा बाप मोठा कडक मानूस हाये, अंगनात बसा लागन." मी त्याला पाठीवर घेतला. मी काही तगडा नाही. वाटेत दोनदा टेकलो. माझ्या कानाशी तो सांगत होता की या खेपेला कालवण कितीही खारट असलं तरी काही बोलणार नाही.

त्या रात्रीनंतर तो जेवला नाही. चमच्यानं पेज घातली तर ओठ मिटून घ्यायचा. मी टॉकीजमध्ये अंधारात उभा राहून विचार करत असे. उशिरा येणारा प्रेक्षक अंधारात येतो, त्याला काही दिसत नाही, डोअरकीपर टॉर्च दाखवून खुर्चीवर बसवतो. खुर्ची नसली तर तो भिंतीशी थोडा वेळ उभा राहतो आणि निघून जातो. सिनेमा सुटल्यावर तो आला होता याचा काही पुरावा नसतो. माणसाच्या डोक्यातही असंच काही असावं, असं मला वाटायला लागलं. जे घडतं त्याला बसायला जागा लागते. आजाचा साप आंब्याच्या बांधीत बसलाय, मारोती लंबीत, वाघ वाघबांधीत. गावी बा म्हातारा झाला होता, विसरायला लागला होता, पण कुणाला कळलं नव्हतं. रोज सकाळी बांध्या त्याला आठवण करून देत होत्या. मायचं मरण मात्र लोखंडी खाटेवर झालेलं, त्या खिडकीपाशी, जी त्यानं धड पाहिलीही नव्हती. ते त्याच्या डोक्यात येत होतं आणि भिंतीशी उभं राहून परत जात होतं.

मारोती आला. दारातूनच त्याला सगळं सांगितलं. जीव कुठून आणला ते सांगितल्यावर तो कपाळाला हात लावून खाली बसला.

"शुक्रवारीतून? दादा, मायनं त्या पान्यात कधी पाय बुडवला होता काय? कोना पेठेतल्या बाईले घरी घेऊन आला तू! थे बिचारी रातभर देवापाशी बसून ईचार करत असन का हे कोनाचं घर हाये."

पार्वतीला हसू आवरेना. मलाही. मायला जाऊन महिने झाले होते आणि आम्ही पहिल्यांदा मोकळे हसलो, एका अनोळखी गोगलगायीवर. बा भिंतीशी बसून विचारत होता, काय झालं, काय झालं.

त्याला गावी नेलं तेव्हा धान कापून झालं होतं, बांध्या कोरड्या होत्या, नुसते खुंट. मोह फुलायला आला होता. गाडी रांडबांधीपाशी आली आणि बा म्हणाला, उतरवा. एवढ्या दिवसांचा उपाशी म्हातारा, मारोतीचा खांदा धरून धुऱ्यावर चढला आणि बोलायला लागला. ही बांधी कशी आली, त्या बाईला किती पायली धान दिलं, वाघबांधीत वाघ (आता पुरता हत्तीएवढा), लंबीत मारोती. एकही चूक नाही. मी मागं मागं चालत होतो आणि मला हेवा वाटत होता, स्वतःच्याच बापाचा. माझं नागपुरातलं एवढं आयुष्य कुठं ठेवलंय, मला सांगता आलं नसतं.

पण घराच्या दारात तो थांबला. आत पाहिलं. "मारोत्या, तुही माय कुठी हाये?"

मारोतीनं त्याचा हात धरला. "चल," म्हणाला, "हाक मारू."

पाळीवरून आम्ही तलावात उतरलो. पाणी मागं सरकलं होतं, घोटाभर चिखल. गावातल्या बाया काठावर येऊन उभ्या राहिल्या. मी लोटा घेऊन पुढं झालो तर मारोतीनं तो माझ्या हातातून काढून घेतला आणि बाच्या हातात दिला. "तू हाक मार बा. पन नावानं मारा लागते."

बा लाजला. मी खरं सांगतो, माझा म्हातारा बाप चार बायांसमोर लाजला. जन्मभर 'तुळश्याची माय' म्हटलेलं. त्यानं आमच्याकडं पाहिलं, पाण्याकडं पाहिलं, आणि अगदी हळू म्हणाला, "भागरता."

काठावरची एक म्हातारी ओरडली, "मोठ्यानं मारा जी! कानानं कमी आयकते थे!"

"भागरता!" तो ओरडला. "ये वं! मी आलो आनाले. ये आता."

लोटा बुडवला. वर काढला तेव्हा त्यात एक झिंगा होता, काचेसारखा, मिशा हलवणारा. जन्मभर मायनं झिंगे निवडले होते. बा लोट्यात तोंड घालून पाहत राहिला. मग त्यानं धोतराचा सोगा लोट्यावर टाकला आणि दोन्ही हातांनी छातीशी धरून, कुणाला हात लावू न देता, चढ चढून घरी नेला. त्या रात्री तो देवापाशी बसून जेवला. सकाळी स्वतः जाऊन झिंगा सोडून आला.

संध्याकाळी मारोतीच्या बायकोनं दिवा लावला. मी अंगणात कान लावून बसलो होतो. बानं दिव्याला हात जोडले आणि बिडी मागितली. एवढंच.

काही दिवसांनी लोक पाळीवर गप्पा मारत बसले होते. कुणीतरी मायची आठवण काढली. आणि बा सांगायला लागला, शांतपणे, जसा वाघाची गोष्ट सांगतो तसा.

"इथीच गेली थे. रोवन्याचे दिवस. लंबीतून वर आली न म्हने, माहं पोट दुखून राह्यलं. मी मांडीवर डोक्शं घेतलं तिचं. हे पाहा, या दगडापाशी."

मी उठून उभा राहिलो. तोंड उघडलं. दवाखाना, लाल घोंगडी, ती उंच खिडकी सगळं ओठांवर आलं होतं. तिच्या शेवटच्या वेळी जगात एक माणूस जवळ होता, आणि तो मी होतो. मारोती माझ्याकडं पाहत राहिला.

दंडारीत सोंगाड्याचं आणखी एक काम असतं, जे प्रेक्षकांना माहीत नसतं. राजा शब्द विसरला की त्याच्या मागं उभं राहून, तोंड न हलवता, पुढचा शब्द द्यायचा. मी बाच्या मागं जाऊन बसलो.

"आनि जाता जाता थे काय म्हनली बा?" मी विचारलं.

तो थांबला. शोधायला लागला. कपाळावर आठ्या आल्या.

"म्हनली न थे," मी हळूच म्हणालो, "त्यायले सांगजो, मी रुसून नाई गेली."

बानं दगडाकडं पाहिलं. त्यावर हात फिरवला. मग त्याचा चेहरा सैल झाला.

"हो," म्हणाला. "तेच म्हनली. मी रुसून नाई चालली म्हने." आणि लोकांकडं वळून, जरा तोऱ्यातच, "मलेच म्हनली."

मी नागपूरला परत आलो. बा तिथंच आहे, मारोतीकडं, आणि जेवतो. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती गोष्ट सांगतो, आणि मारोती म्हणतो, आता ती पुरती पक्की झाली आहे. शेवटचं वाक्य तो स्वतःच घेतो, कुणी द्यावं लागत नाही.

इकडं संध्याकाळी मला कुणी काही विचारत नाही. कोपऱ्यावर थांबायची गरज नाही. तरी पाय थांबतात. परवा दवाखान्यावरून गेलो, मुद्दाम आत गेलो, तो वॉर्ड शोधला. खाट कोणती ते सांगता येईना. सगळ्याच लोखंडी, सगळ्यांवर लाल घोंगड्या. खिडकीपाशी उभा राहून मायचा चेहरा आठवायला गेलो तर मला चिखल दिसला, पाळ दिसली आणि बाची मांडी. पार्वतीला विचारलं, ती कुठल्या खाटेवर होती गं? ती म्हणाली, "मी कुठी होती जी? मी तर मामंजीले जेवाले घरी आनलं होतं."

तेव्हा गावातल्या मंडळींना एवढंच सांगणं आहे, म्हातारा पाळीवर बसून सांगेल ते ऐका आणि त्याला दुरुस्त करू नका. इथल्या मंडळींनो, तुमचंही कुणी इथं गेलं असेल, त्याला तिकडं न्यायची लाज धरू नका. मला आता दमायला होतं. खरं काय ते एकट्यानं जागून राखत बसण्याचा जोर माझ्यात नाही, आणि सोंगं तर केव्हाच संपली. घर कुठं आहे असं कुणी विचारलं तर मी जागा सांगतो: आरमोरीच्या पुढं, तलावाखाली, लंबी नावाच्या बांधीच्या वर. माझी माय तिथं गेली नाही. पण ती तिथं गेली हे तिथल्या सगळ्यांना आठवतं, आणि आजकाल मलाही.